बिडाच्या तव्यातला केक

मी एक जुना बिडाचा तवा आहे, मित्रांनो, आणि मी पक्का भित्रा आहे. हसू नका! अंगाने जाडजूड, रंगाने काळाकुट्ट, एका हाताने उचलायला जाल तर मनगट मुरगळेल, असं माझं ध्यान. एवढ्या लोखंडाला कसली आली आहे भीती, असं तुम्ही म्हणाल. पण पत्र्याचा तवा पडला तर त्याला फार तर पोचा येतो. मी पडलो तर माझे दोन तुकडे होतात. तापलेला असताना कोणी माझ्यावर गार पाणी ओतलं, तर मी जागच्या जागी तडकतो. त्यामुळे आमच्या जिवाला कायमचा घोर. तरी हे सगळं भिणं एकीकडे आणि गेल्या हिवाळ्यातली ती एक दुपार एकीकडे. तीच सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. म्हणजे तोंड मला नाहीच, तेच तर माझं दुःख आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. भट्टीत वितळलेला लाल रस रेतीच्या साच्यात ओतला, निवल्यावर साचा फोडला, आणि मी बाहेर आलो. खोलगट पोट, दोन बाजूंना दोन कान. तिथून भैंसा गावच्या बाजारात एका दुकानापुढे मी पालथा पडून होतो. कापूस विकायला आलेल्या यशवंतरावांनी मला पाहिलं, उचललं, आणि तामसीजवळच्या आपल्या गावी बायकोपुढे नेऊन ठेवलं. बायकोचं नाव बयनाबाई.

"लुगडं सांगतलं होतं मी, तवा घेऊन आले!" ती म्हणाली.

"लुगडं फाटते. हा फाटत नाही," यशवंतराव म्हणाले.

बयनाबाईने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवलं, आवाज ऐकला, आणि तिचा राग थोडा उतरला. मग तिने मला तांदळाच्या पेजेत भिजवलं, तेल चोपडलं, कांदा परतला, पुन्हा तेल चोपडलं. असं करत करत माझ्या अंगावर काळी तुकतुकीत साय धरली. बिडाच्या तव्याची सगळी श्रीमंती त्या सायीत असते. ती असली की भाकरी चिकटत नाही, धिरडं आपोआप सुटून येतं. म्हणून बयनाबाईने घरात कायदाच केला होता, "माह्या तव्याले साबण लावायचा नाही. नुसता फडक्यानं पुसायचा. साबण लावणाऱ्याचा हात मोडीन!"

तिच्या या कायद्याला सगळं गाव ओळखून होतं. बयनाबाई बोलायला लागली की शेजारच्या रुख्मिणीची कोंबडीसुद्धा अंगण सोडून जायची. यशवंतराव होते तोवर तेही भीत. ते गेल्यावर मुलगा पंढरी भिऊ लागला.

मग पंढरीची बायको मयूरी घरात आली. ती आदिलाबादची, शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिने येताना एक गुळगुळीत, हलका, नव्या तऱ्हेचा तवा आणला आणि मी खुंटीवर गेलो. रस्त्यावरून भंगारवाला भोंग्यावर ओरडत जायचा, "लोहा, प्लास्टिक, पुराना कूलर!" तो आवाज आला की माझ्या पाचावर धारण बसायची. पण त्या नव्या तव्याचा रंग उडाला, त्याची भाकरी मेली कधी फुगेना, आणि मला पुन्हा खाली काढलं. मला पुन्हा खाली आणण्यात मोठा हात होता प्रगतीचा, म्हणजे मयूरी-पंढरीच्या मुलीचा. तिला माझ्या तळाला लागलेली खरवड फार आवडायची. दूध आटवलं की खरवड, पिठलं केलं की खरवड. हातात सराटा घेऊन, मला मांडीवर घेऊन, ती मला खरडत बसायची. मला गुदगुल्या व्हायच्या म्हटलं तरी चालेल.

आता बिब्ब्याचं ऐका. आमच्या भागातल्या जंगलात बिब्ब्याची झाडं आहेत. त्याच्या आतली गोडंबी गोड लागते, बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. पण वरच्या काळ्या टरफलात जे तेल असतं, ते कातडीला लागलं की काहींच्या अंगावर फोड येतात, तोंड सुजतं. त्याला बिब्बा उतला म्हणतात. गंमत अशी की हा बिब्बा एखाद्याला उततो आणि त्याच्या शेजारच्याला उतत नाही. बयनाबाईला तो जन्मात कधी उतला नव्हता. कापूस वेचून वेचून तिच्या टाचांना भेगा पडायच्या, बोट जाईल एवढ्या, आणि बिब्ब्याचं तेल भरलं की तिला बरं वाटायचं. तिच्या आईने तेच केलं, आजीने तेच केलं.

पण बयनाबाईला आता साखरेचा आजार. आदल्या साली तो उतला नाही, पण त्याच्या तापलेल्या तेलाने तिची टाच पोळली, जखम चिघळली, आणि डॉक्टरांनी तिला चांगलं खडसावलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मयूरीने आवाज चढवला, "आत्याबाई, पुन्हा घरात बिब्बा दिसला ना, तं मी पोरीले घेऊन माहेरी चालली जाईन. सांगून ठेवते!"

बयनाबाई, जिला कोंबडीपासून मुलापर्यंत सगळे भीत, ती त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं.

बिब्बा भाजायची एक रीत आहे, मित्रांनो. तो फुटक्या मडक्याच्या खापरात भाजायचा, आणि काम झालं की ते खापर गावाबाहेर फेकून द्यायचं. खाण्याच्या भांड्याला बिब्बा दाखवायचा नाही. बयनाबाईला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण मयूरीने घराची साफसफाई करताना सगळी फुटकी खापरं उचलून टाकली होती. गेल्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी मयूरी आणि प्रगती शाळेत, पंढरी शेतात. बयनाबाईच्या टाचा इतक्या ठणकत होत्या की तिला धड चालवत नव्हतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदराखालून बिब्बे काढले, आणि खुंटीवरून मला काढून गोठ्यात नेलं.

"एक डाव," ती पुटपुटली. "कोणाले काय समजते!"

बिब्बे तडतडले, काळं तेल सुटलं, माझ्या पोटावर पसरलं. तिने ते वाटीत निपटून घेतलं, टाचांना भरलं, मोजे चढवले. मग फडक्याने मला पुसलं आणि परत खुंटीवर टांगलं. साबण काही लावला नाही. तो तर तिचाच कायदा होता! उद्या राखेनं चांगला घासते, असं ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वेचणीला जायची घाई झाली, आणि ते घासणं राहून गेलं.

माझ्या सायीत ते तेल मुरून बसलं. मला ते जाणवत होतं आणि मी खुंटीवर लटकलेला; वेचणीच्या घाईत घरात नुसता भातच शिजत होता, मला कोणी खाली काढलं नाही. करणार काय?

त्याच आठवड्यात प्रगतीचा वाढदिवस आला. मागच्या वर्षी तिच्यासाठी आदिलाबादहून क्रीमचा केक आणला होता. बसमध्ये कोणाचं तरी बोचकं त्यावर बसलं, आणि घरी डबा उघडला तेव्हा नावातली फक्त वेलांटी शिल्लक होती. पोरगी रडून रडून झोपली. म्हणून या वर्षी मयूरीने ठरवलं की केक घरीच करायचा. मोबाइलवर तिने पाहून ठेवलं होतं, एक बाई अशाच काळ्या जाड तव्यात फळांचा केक करत होती.

"आज आजीच्या तव्यात करू," मयूरी प्रगतीला म्हणाली. "आजी म्हणते ना, साबण लावायचा नाही? नाही लावत बापा! एखाद्या दिवशी तरी म्हातारी खूश झाली पाहिजे."

माझा जीव उडाला, मित्रांनो. एरवी ही बाई सासूचं ऐकत नाही, सासूची पाठ फिरली की मला साबणाने खसाखसा घासते, आणि नेमकी आज हिला सासूचा मान ठेवायची बुद्धी झाली! तिने फडकं माझ्या पोटावरून फिरवलं. फडकं काळं झालं. "बीडच आहे, काळं निघणारच," असं म्हणून तिने ते बाजूला टाकलं.

घास ना ग, मी मनातल्या मनात ओरडत होतो. आज घास! साबण लाव, सोडा लाव, वीट घेऊन खरड, माझी सगळी साय गेली तरी चालेल. जन्मभर ज्या साबणाला मी भ्यालो, त्याच्यासाठी त्या दिवशी मी तळमळत होतो. मग वाटलं, हिच्या हातून सुटावं आणि फरशीवर पडून फुटून जावं. पण मयूरीची पकड पक्की.

तिने मला तूप चोळलं. गव्हाच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ घातलं, गूळ, दही, खायचा सोडा. बोरांच्या बिया काढून गर घेतला, पेरूच्या आणि पपईच्या फोडी केल्या, वरून मूठभर चारोळी पेरली. प्रगती शेजारी उकिडवी बसून प्रत्येक वस्तूची चव घेत होती. सगळं मिश्रण माझ्या पोटात ओतलं, वर झाकण ठेवलं, खाली मंद विस्तव, झाकणावर निखारे. हळूहळू गूळ आणि पेरूचा असा वास सुटला की रुख्मिणी भिंतीवरून डोकावली.

"काय करून राह्यली व मयूरी?"

"केक! याच तुमी संध्याकाळी."

केक फुगत होता. माझ्यात आजवर इतका सुरेख पदार्थ झाला नव्हता. पण जसजसा तापत गेलो, तसतसं सायीतलं ते तेल वर येऊन केकच्या बुडाला लागत होतं. मला ते कळत होतं.

सांगायचं म्हणजे, केक ताटात उलटला तेव्हा वरचा सगळा भाग अलगद निघून आला. बूड मात्र माझ्या तळाला चिकटून राहिलं. पोरं जमली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात बयनाबाई वेचणीवरून आली. ओटीतला कापूस तिने ओसरीवर टाकला आणि केककडे पाहून हसली.

"लय भारी झाला व! कायच्यात केला?"

"तुमच्याच तव्यात, आत्याबाई. आन साबणाचा थेंब नाही लावला, बरं का!"

बयनाबाईचं हसू जागीच विरलं. तिने चुलीकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो. बोल ग माय, बोल! तुझं एक वाक्य पुरे! तिचे ओठ हलले. मग तिने मयूरीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि ते वाक्य गिळून टाकलं.

"थांबा," ती म्हणाली. "पह्यला घास माहा. म्हाताऱ्या माणसानं आधी खाल्लं की लेकराचं आयुष्य वाढते."

सगळे हसले. तिने मधला तुकडा उचलला, सावकाश चावला, ओठांवरून जीभ फिरवली, आणि वाट पाहिली. काही झालं नाही. कसं होणार? तिला बिब्बा कधी उतलाच नव्हता! आणि मधल्या तुकड्यात तेल होतं कुठे? पण तिला तेवढाच आधार पुरला. "द्या सगळ्यांले," असं म्हणून ती हातपाय धुवायला मागे गेली.

आणि प्रगती आली माझ्याकडे, सराटा घेऊन.

"खरवड माही! कोणालेच देणार नाही!"

तिने मला मांडीवर घेतलं. खर्र, खर्र. एरवी त्या आवाजाने मी सुखावायचो. त्या दिवशी प्रत्येक खर्र मला सुरीसारखी लागत होती. पोरीने एक कण ठेवला नाही. बोटं चाटली, सराटा चाटला.

दिवेलागणीला ती आईजवळ गेली. "मम्मी, तोंडात मिरची लागून राह्यली."

मयूरीने दिवा जवळ घेतला. ओठ सुजले होते, गाल लाल झाले होते. बघता बघता डोळे बारीक झाले. मग पोरीचा आवाज घोगरा झाला आणि ती गळ्याला हात लावून घेऊ लागली. मयूरीने तिला पोटाशी धरलं. "पपईनंच झालं हे! मीच घातली पपई!" ती रडायला लागली. रुख्मिणी मीठ-मिरच्या ओवाळायला धावली. पंढरी मोटारसायकलला किक मारत होता, आणि नेमकी ती लागत नव्हती.

बयनाबाई दाराची चौकट धरून उभी होती. मी चुलीपाशी उपडा पडलो होतो आणि मला तेवढी तिची पावलं दिसत होती, मोजे घातलेली. एक पाऊल पुढे आलं आणि पुन्हा मागे गेलं. आता नाही बोललीस तर दवाखान्यात पपईवर उपचार करतील ग, मी म्हणत होतो. आता तरी!

"पपई नोहे व," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "बिब्बा हाये. मी भाजला त्या तव्यात. टाचांसाठी."

मयूरीने सासूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हिच्या अंगावर धावून जाते. पण तिने पोरीला उचललं आणि एवढंच म्हणाली, "गाडीवर बसा, आत्याबाई. डॉक्टरले तुमीच सांगा, काय आन कवा."

गाडी लागली, चौघं त्या एका गाडीवर गेली, आणि मी मागे राहिलो. रुख्मिणीने उरलेला केक खड्ड्यात पुरला.

दुसऱ्या दिवशी पंढरी कपडे न्यायला घरी आला. रुख्मिणीने विचारलं, "पोट्टी कशी हाये?"

"दम लागते तिले. डोळे उघडले नाही अजून." मग त्याने मला पाहिलं, आणि उचलून असं भिरकावलं की मी थेट उकिरड्यावर जाऊन पडलो. मऊ शेणात पडलो म्हणून फुटलो नाही. फुटलो असतो तर बरं झालं असतं, असंच वाटत होतं. पोरीला काही झालं तर? तोच एक विचार. दिवस उगवायचा, मावळायचा, कोणी येत नव्हतं.

आणि मग आला भोंगा. "लोहा, प्लास्टिक, पुराना कूलर!" भंगारवाल्याने मला शेणातून उपसलं, झटकलं, हातात जोखलं. "अच्छा माल है," तो म्हणाला. रुख्मिणी भिंतीवरून म्हणाली, "लेके जाव, किसी काम का नही."

त्याने मला गाडीवर टाकलं. आता मला वितळवणार, ही माझी जन्मभराची भीती. पण त्या दिवशी तिच्यापेक्षा मोठी भीती मनात होती. हा मला वितळवणारच नाही! असा तवा बाजारात सहज खपतो. कोणीतरी बाई घेईल, फडक्याने पुसेल, आणि तिच्या लेकराला भाकर भाजून देईल.

तेवढ्यात घरापुढे ऑटो थांबला. आधी पंढरी उतरला. मग मयूरी, आणि तिच्या खांद्यावर प्रगती. ओठांची सालं निघालेली, चेहरा काळवंडलेला, पण डोळे उघडे. तिने रुख्मिणीला हात हलवला. मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी त्या गाडीवरच गंजून गेलो असतो.

सगळ्यांच्या मागून बयनाबाई उतरली. तिची नजर भंगारवाल्याच्या गाडीवर गेली.

"ठेव तो खाली," ती म्हणाली.

"आई, जाऊ दे ना ती बला!" पंढरी ओरडला.

"जाऊ देऊ? कोण्या बाईच्या घरी जाऊ देऊ? तिले कोण सांगंल, ह्याच्यात काय भाजलं होतं ते?"

भंगारवाल्याने मला निमूट खाली ठेवलं.

त्याच दुपारी बयनाबाईने हातांना पिशव्या बांधल्या आणि मला घासायला घेतलं. आधी विस्तवात घालून मला लालबुंद केलं, आपोआप निवू दिलं. मग राख, मग सोडा, मग विटेचा तुकडा, आणि मग साबण. होय, साबण! माझी यशवंतरावांच्या काळापासूनची साय गळून नालीत वाहून गेली. मी नंगा, पांढुरका झालो. बयनाबाई थांबेना. पुन्हा विस्तव, पुन्हा राख.

मयूरी बाहेर आली आणि बाजूला उभी राहिली.

"आत्याबाई, तुमी तं केक पाह्यला होता. तवाच काऊन नाही सांगतलं मले?"

बयनाबाईने वीट खाली ठेवली. "तुह्या भेवानं," ती म्हणाली. "तू पोरीले घेऊन चालली जाशील मनून."

"तसं मी बोलली होती, खरं आहे," मयूरी म्हणाली. मग हातांना पिशव्या बांधून ती सासूच्या समोर बसली, विटेचा दुसरा तुकडा घेतला, आणि माझा दुसरा कान घासू लागली.

आता माझ्यावर पुन्हा पातळशी साय धरते आहे. बयनाबाई पहिली भाकर स्वतः खाते, आपल्याला बिब्बा उतत नाही हे ठाऊक असूनही. प्रगती अजून माझ्यातलं काही खात नाही. लांबून पाहते आणि विचारते, "आजी, याच्यात काही भाजलं तं नाही ना?" आणि कोणाला उत्तर द्यायची सवय नसलेली बयनाबाई रोज त्या एवढ्याशा पोरीला सांगते, काय भाजलं, कधी भाजलं, कशानं घासलं. मयूरी ऐकत असते, पण मध्ये आवाज चढवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी जपा, पुसून ठेवा, गंजू देऊ नका, असं काहीतरी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण भांड्याचं काय, फुटलं तर दुसरं मिळेल. तुम्ही एवढंच करा. घरातल्या माणसाला इतकं भेव घालू नका, की खरं बोलायला त्याला एखाद्या लेकराचे ओठ सुजेपर्यंत थांबावं लागेल.